ठिणगीचा मागोवा

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने पतीला न सांगता त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेत प्रज्वलनाची तार उघडी पडली, तेव्हा तिने आपल्या मोज्याचा बंद तारेभोवती गुंडाळून काम भागविले, असे सांगतात. मोटारीचा पहिला लांबचा प्रवासही ठिणगीच्या दोषावाचून पार पडला नाही. कार्ल बेंझ स्वतः प्रज्वलनाला साऱ्या प्रश्नांतील मुख्य प्रश्न मानीत असे.

या प्रश्नाला पुढे दोन उत्तरे मिळाली. श्टुटगार्ट येथे रोबर्ट बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज निर्माण होत असल्यामुळे त्याला बॅटरी लागत नसे. दुसरे उत्तर अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत स्टार्टर, दिवे व प्रज्वलन यांची एकत्र योजना झाली. दिव्यांसाठी बॅटरी गाडीत आलीच, तेव्हा ठिणगीही तिच्यापासूनच घेणे सोयीचे ठरले.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून बनू लागलेली एम. जी. बी. ही स्पोर्ट्स कार याच दुसऱ्या परंपरेतली. तिच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन पॉइंट सतत मिटतात व उघडतात. ते उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र ओसरते आणि बारा व्होल्टांतून हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. चार सिलिंडरांचे हे इंजिन मिनिटास ५,४०० फेरे घेऊ लागले, म्हणजे सेकंदाला १८० ठिणग्या लागतात. एवढे सारे काम पॉइंटांमधील जेमतेम ०.४ मिलिमीटर फटीवर अवलंबून असते.

अशी गाडी बंद पडली की घाईचा माणूस एकदम प्लग, कॉइल, पॉइंट सारेच बदलतो. गाडी सुरू झाली तरी दोष कोठे होता, हे त्याला कळत नाही. आणि नवा भागच सदोष निघाला तर तो पुरता चकतो. जाणता कारागीर विजेच्या वाटेनेच मागे जातो. प्लगशी ठिणगी नसेल, तर तो कॉइलची जाड तार पाहतो. तेथे ठिणगी सशक्त असेल, तर दोष पुढे, म्हणजे दमट झालेल्या झाकणात, रोटरमध्ये किंवा प्लगच्या तारांत असतो. तेथेही नसेल, तर दोष मागे, म्हणजे कॉइलमध्ये, पॉइंटांत किंवा कंडेन्सरमध्ये शोधावयाचा. पॉइंट पुनःपुन्हा जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर येतो. गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर मुकाट्याने चालते, तेव्हा कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेने दगा देत असण्याचा संभव मोठा.

१९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचा प्रसार होऊन पॉइंट हळूहळू मागे पडले. आज जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातही नवी इलेक्ट्रॉनिक रचना बसविता येते. तिच्यात फट जुळवावी लागत नाही. पण ती निकामी झाली, तर रस्त्याच्या कडेला कानशीने घासून दुरुस्त होत नाही. म्हणून जुन्या गाडीबरोबर जुनी रीतही जपली पाहिजे. यंत्र बदलले तरी वीज आपली वाट सोडीत नाही. आणि त्या वाटेने पायरी न गाळता जाणाऱ्यालाच दोष सापडतो.