प्लेगच्या साथीने आपल्या मोहल्ल्यांना काय दिले?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तख्त आणि लढाया उभ्या राहतात. आपण ज्या गल्लीत राहतो, ज्या अंधाऱ्या जिन्याने रोज चढतो-उतरतो, त्यांचाही इतिहास असतो. तो मात्र शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मुंबईतील मांडवी, डोंगरी, नागपाडा, मदनपुरा या वस्त्यांची आजची ठेवण बऱ्याच अंशी एका साथीने ठरवली आहे. ती हकीकत तुम्हांला सांगावीशी वाटते, कारण 'पुनर्विकास' हा शब्द सध्या या वस्त्यांत घरोघरी ऐकू येतो आणि संमतीपत्रावर सही करावी की नाही, या प्रश्नावर घरातल्या घरात वाद होतात.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मांडवी ही बंदराला लागून असलेली वस्ती. खाली धान्याची गोदामे, वर माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. धान्य तिथे उंदीर, हे सांगायला नको. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली दाखवून दिले. तोपर्यंत सरकारी समज असा की रोग घाणीत आणि कोंदट हवेत आहे. म्हणून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतून गटारे धुतली गेली. त्या धुण्याने उंदीर मेले की घाबरून शेजारच्या घरांत शिरले, हे ज्याचे त्याने ठरवावे!

बघता बघता जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गटाकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली आणि घरझडत्या सुरू झाल्या. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. त्या अक्षरांचा अर्थ आत राहणाऱ्यांपैकी कितीजणांना वाचता येत असेल? घर आपले, भिंत आपली, आणि भिंतीवरचा निवाडा मात्र परक्या भाषेत.

मदनपुऱ्यात तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाहा म्हणजे मोमीन विणकरांची वस्ती होती. ९ मार्च १८९८ रोजी झडती पथक तिथल्या एका आजारी मुलीला इस्पितळात हलवू लागले. परक्या माणसांनी घरात शिरून आपल्या लेकीला न्यावे, हे वस्तीला सहन झाले नाही. अडवाअडवी झाली, त्यातून दंगल पेटली, गोळीबार झाला, जीव गेले. या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्या काळच्या सरकारी लिखाणाने तेच केले. पण इस्पितळात गेलेले माणूस बहुधा परत येत नाही, हे ती माणसे डोळ्यांनी पाहत होती. त्यांची भीती खोटी नव्हती. ती दूर करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, एवढेच.

त्याच शहरात दुसरेही घडत होते. निरनिराळ्या जमाती आपापली प्लेग इस्पितळे उघडत होत्या. तिथे ओळखीची माणसे, आपले अन्न आणि पडद्याची सोय असल्यामुळे लोक आजाऱ्याला आपणहून आणून ठेवू लागले. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या जमातीसमोर लस घेतली आणि हाफकिन यांच्या कामाला आपली जागाही दिली. लस घेतलेल्या खोजांमध्ये मृत्यूचे प्रमाण फार कमी राहिले. औषध तेच आणि रोगही तोच. फरक पडला तो सांगणाऱ्या माणसामुळे.

साथीचा दुसरा परिणाम इमारतींवर झाला. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पहिली योजना नागपाड्याची. दाट वस्त्या पाडणे आणि समुद्राचा वारा आत खेळावा म्हणून रुंद रस्ते काढणे हा त्याचा खाक्या. सँडहर्स्ट रोड त्यातलाच. रस्ते उत्तम झाले, नाही म्हणता येणार नाही. परंतु सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या, तेवढ्या बांधल्या नाहीत. आणि बांधल्या त्यांचे भाडे उठवलेल्या गरिबाला परवडणारे नव्हते. मग तो बिचारा शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या खोलीत शिरला, आणि तीही गल्ली तितकीच कोंदट झाली!

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मात्र एक नियम लावून धरला, जो विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावा. खोलीला उजेड हवा तर समोरच्या भिंतीच्या माथ्यावरून येणारी उजेडाची रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभी नसावी. भूमितीच्या हिशेबाने समोरची भिंत ४० फूट असेल तर मधली जागा निदान २० फूट हवी. टेप घेऊन आपल्या गल्लीची रुंदी मोजा, मजले मोजा, आणि स्वतःच ताडून पाहा.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे गरिबाचे छप्पर टिकले, पण मालकाने दुरुस्तीवरचा हात काढला. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी बिल्डिंग कोसळून ३३ माणसे दगावली. ती भेंडी बाजारच्या पुनर्विकास योजनेतच होती. काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही अजून आत होती. वर्षानुवर्षांचे घर सोडून संक्रमण शिबिरात जायला माणूस का कचरतो, हे या वस्त्यांतील पालकांना समजावण्याची गरज नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. पुनर्विकासाच्या सभेला जाल तेव्हा शिकत्या मुला-मुलींना बरोबर न्या. नकाशा त्यांच्या हाती द्या. चटईक्षेत्र किती, तात्पुरती जागा कुठे आणि किती वर्षांसाठी, भाडे कोण भरणार, नव्या घराचा देखभाल खर्च दरमहा किती, हे त्यांना मोठ्याने वाचू द्या; आजीला कळेल अशा बोलीत. आणि दोन मनोऱ्यांमध्ये किती फूट मोकळे सोडले आहे, हेही त्यांनाच विचारू द्या.