जमिनीखालचं जहाज आणि मोबाईलमधला प्राणी

जुलै २०१६. सॅन फ्रान्सिस्कोचा उन्हाळा, म्हणजे अर्थातच अंगात स्वेटर! आमची कन्या फोन समोर धरून क्ले स्ट्रीटवर चालत होती आणि तिला गाडीखाली जाऊ न देणं एवढंच माझं काम होतं. ‘पोकेमॉन गो’ नुकताच आला होता. सॅन्सम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ती थांबली, म्हणून मी भिंतीवरची पाटी वाचू लागलो. ‘नायँटिक’ नावाचं व्हेलच्या शिकारीचं जहाज १८४९ मध्ये, सोन्याच्या धामधुमीत, या किनाऱ्याला लागलं. पुढे त्याचं गोदाम झालं, त्याच्या जागी हॉटेल उभं राहिलं आणि भराव पडल्यावर सांगाडा जमिनीत गाडला गेला.

“अगं, तुझ्या गेमच्या कंपनीचं नावही हेच ना?”

“हो बाबा, पण हलू नका, तो पळेल!”

कंपनीने ते नाव खरोखरच या जहाजावरून घेतलं आहे, हे मला घरी येऊन शोधल्यावर कळलं. मग एकातून एक शोधतच गेलो.

मंडळी, या खेळांचं मूळ १ मे २००० या तारखेत आहे. आपण महाराष्ट्र दिन साजरा करत होतो त्याच दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांनी नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्याचं जाहीर केलं. दोनच दिवसांनी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, आणि ‘जिओकॅशिंग’ सुरू झालं. त्याच वर्षी साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठात ब्रूस थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एआरक्वेक’ केला. पाठीवर संगणक, डोक्यावर पडदा, आणि विद्यापीठाच्या खऱ्या आवारात खोटे राक्षस! समोरच्या दृश्यावर संगणकाचं चित्र बसवायचं, यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. ते पाठीवरचं ओझं पुढे खिशात मावलं.

पण २०१६ च्या फोनला जमीन कुठे आहे हे कळत नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात पिकाचू चक्क आमटीच्या पातेल्यावर तरंगत होता. मला मोठी गंमत वाटली. कन्येने मात्र दोन दिवसांत कॅमेऱ्याचं ते बटण बंद केलं. बॅटरी संपते आणि नेमही चुकतो, म्हणाली. तिच्या मैत्रिणींचंही तेच. वर्तमानपत्रांत ज्याचे फोटो छापून येत होते, तेच मुली बंद करून खेळत होत्या! डिसेंबर २०१७ मध्ये आयफोनवर सुधारणा आली. प्राणी एका जागी ठरू लागला, आपण दबक्या पावलांनी जवळ गेलो तर मोठा दिसू लागला. तोवर कन्येचा उत्साह थोडा ओसरला होता.

माझ्या मते खरी जादू नकाशात होती, आणि तो नकाशा लोकांनी बनवला. नायँटिकचा आधीचा खेळ ‘इन्ग्रेस’, २०१२ चा. त्यातल्या खेळाडूंनी आपापल्या गावचे पुतळे, भित्तिचित्रं, वाचनालयं यांचे फोटो पाठवले. पोकेमॉनचे बरेचसे थांबे त्यातूनच निघाले. म्हणून जिथे खेळाडू जास्त तिथे थांबेही जास्त. खेड्यांत आणि अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांत ते विरळ आहेत, हे २०१६ मध्येच लोकांनी दाखवून दिलं. उलट वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला ‘कृपा करून इथे खेळू नका’ असं सांगावं लागलं.

मार्च २०२५ मध्ये नायँटिकने आपला खेळांचा व्यवसाय ‘स्कोपली’ला साडेतीन अब्ज डॉलर्सना विकण्याचं जाहीर केलं. नकाशे आणि जागा ओळखण्याचं तंत्र मात्र विकलं नाही, त्याची वेगळी कंपनी काढली. ते तंत्र घडवायला खेळाडूंनी फोन फिरवून केलेली ठिकाणांची चित्रणंही वापरली गेली. हे वाचून मी कन्येला फोन केला. ती आता नोकरीला आहे.

“तूही केली होतीस का गं?”

“केली की. लायब्ररीसमोरच्या पुतळ्याची, तीनदा.”

“काय मिळालं?”

“आठवत नाही बाबा. थोडे बॉल मिळाले असतील.”