रक्तवाहिन्यांचे फाटे : एका उपचाराचा आणि एका क्रियापदाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाचे मराठी संमतिपत्र भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. पायांचा रक्तपुरवठा खुंटलेल्या रुग्णाच्या पोटरीत पेशी टोचावयाच्या, असा तो उपचार. त्यात एक वाक्य होते : 'या उपचाराने पायात नवीन रक्तवाहिन्या निर्माण होतात.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. परंतु मराठीत साधा वर्तमानकाळ नित्य सत्य सांगण्यासाठीही योजतात. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहते. हे विधान त्या जातीचे आहे काय, याचा शोध घेताना जो इतिहास हाती आला तो येथे मांडला आहे.

या विकाराचे ठळक लक्षण असे की, रुग्ण काही अंतर चालला की पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर वेदना निवते, आणि पुन्हा तितकेच चालल्यावर ती परतते. 'क्लॉडिकेशन' हे त्याचे नाव लॅटिनमधील लंगडण्याच्या धातूवरून आले. १८३१ मध्ये बूले या फ्रेंच पशुवैद्याने थांबून थांबून लंगडणाऱ्या घोड्याची मांडीतील रोहिणी बंद झालेली दाखविली. माणसातील तोच प्रकार शार्को याने १८५८ मध्ये ओळखला. ('रोहिणी' हा आपला शब्दही जुना आहे. सुश्रुताने रक्तवाही शिरांना हे नाव दिले असून त्याचा मूळ अर्थ 'तांबडी' एवढाच होय.)

मुख्य रोहिणी बंद झाली तरी पाय नेहमीच मरत नाही, हे मात्र त्याही आधी ठाऊक झाले होते. १२ डिसेंबर १७८५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर याने एका पंचेचाळीस वर्षांच्या गाडीवानावर शस्त्रक्रिया केली. गुडघ्यामागील रोहिणीला मोठा फुगवटा आला होता. अशा वेळी मांडीपासून पाय कापणे हा तेव्हाचा परिचित मार्ग. हंटरने फुगवट्याला हात न लावता वर मांडीतच रोहिणी बांधली आणि आजूबाजूच्या बारीक वाहिन्या पाय जगवतील, यावर भिस्त ठेवली. त्या वाहिन्यांनी पाय जगविला. तो गाडीवान पुढे १७८७ मध्ये तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय मिळवून तपासला व जपून ठेवला.

येथे एक लोकप्रवाद दूर केला पाहिजे. रक्तवाहिन्यांच्या नवोत्पत्तीसाठी रूढ असलेला 'अँजिओजेनेसिस' हा शब्द हंटरने १७८७ मध्ये घडविला, असे असंख्य शोधनिबंधांत छापलेले आढळते. २०१६ मध्ये इटालियन अभ्यासकांनी त्याचे लेखन तपासले. हा शब्द त्यात नाही. तो १९०० च्या सुमारास फ्लिंट या शरीरशास्त्रज्ञाच्या लेखनात प्रथम दिसतो. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले, असा हा प्रकार असून आपल्या विद्याशाखेलाही तो अपरिचित नाही.

हंटरने केले ते मराठीत नेमके सांगता येते. रक्तवाहिनी फुटली म्हणजे अनर्थ. पण रक्तवाहिनीला फाटा फुटला तर तो जीवदान ठरतो. 'फुटणे' अकर्मक आहे. ते आपोआप घडते, वैद्य त्याला वाव देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकाने या क्रियापदाचे प्रयोजक रूप हाती घेतले : फाटे फोडावयाचे. (मराठीत 'फाटे फोडणे' याचा अर्थ निराळा आहे, हा केवळ योगायोग.)

त्याचा उगम उलट दिशेने झाला. १९७१ मध्ये ज्युडा फोकमन याने अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्या रोखण्याची कल्पना मांडली. वाहिन्या वाढविणारे प्रथिन १९८९ मध्ये वेगळे करून ओळखले गेले, आणि जे रोखावयाचे तेच पायात घडवून का आणू नये, असा विचार बळावला. बोस्टनच्या जेफ्री इस्नर याने १९९६ मध्ये एका ७१ वर्षांच्या स्त्रीच्या पायातील रोहिणीत त्या प्रथिनाचा जनुक सोडला, तेव्हा नव्या वाहिन्या चित्रांत दिसल्या. पुढील वर्षी असाहारा व इस्नर यांनी प्रौढ माणसाच्या रक्तातही वाहिन्या घडविणाऱ्या पूर्वज पेशी असतात असे प्रतिपादिले. २००२ मध्ये जपानी वैद्यांनी अस्थिमज्जेतील पेशी पायांत टोचल्या. दोन्ही पाय आजारी असलेल्यांच्या एका पायात मज्जापेशी व दुसऱ्यात रक्तातील पेशी टोचल्या. मज्जेचा पाय अधिक सुधारला. रुग्ण पन्नासाहून कमी होते, परंतु आशा मोठी होती.

मग मोठ्या चाचण्या आल्या. २०११ मध्ये ५२५ रुग्णांवरील जनुकोपचाराचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वर्षभरात पाय गमावलेले किंवा दगावलेले रुग्ण दोन्ही गटांत सुमारे एकतृतीयांश. नेदरलँड्समध्ये १६० रुग्णांवर झालेल्या मज्जापेशींच्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. पाय कापावे लागण्याचे प्रमाण उपचाराने घटले नाही. या दुसऱ्या चाचणीतील एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. काही मोजमापे सुधारली, पण ती दोन्ही गटांत. ज्यांना औषध म्हणून नुसते निष्क्रिय द्रव्य दिले त्यांच्यातही. म्हणजे फाटे कदाचित फुटत होते. कोणी ते फोडत होते, हे मात्र सिद्ध झाले नाही. जपानने २०१९ मध्ये एका जनुकोपचाराला सशर्त मान्यता दिली होती. पुढील पाहणीत अपेक्षित गुण दिसला नाही आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. लिओ बर्गर याने १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे कापलेले पाय तपासून ज्याचे वर्णन केले, तो विकार तंबाखू ओढणाऱ्या, बहुधा चाळिशीच्या आतील पुरुषांना गाठतो, आणि विडी ओढणारे कष्टकरी आपल्याकडे त्याला बळी पडतात. बोटे काळी पडू लागतात, तेव्हा कमावता माणूस घरी बसतो. याच विकारासाठी बंगळूरच्या एका कंपनीच्या पेशींना २०१६ मध्ये भारतात मर्यादित परवानगी मिळाली. त्या उपचाराचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. पण ती परवानगी एका विकारापुरती होती, आणि संमतिपत्रातील वाक्य सर्वच रुग्णांना उद्देशून होते. तंबाखू पूर्ण सोडल्यास पाय वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो, ही गोष्ट त्या पत्रात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होती.

प्रस्तुत लेखकाने 'निर्माण होतात' याच्या जागी 'निर्माण होतात की नाही, हे अद्याप तपासले जात आहे' असे सुचविले. वाक्य फार लांबते, या कारणास्तव ती सूचना अमान्य झाली.