परवाना : एका कागदाचा इतिहास

‘परवाना’ हा शब्द आपल्या घरात दोन अर्थांनी वावरतो. उर्दू शायरीतला परवाना शमेवर झेप घेतो आणि जळून जातो. कचेरीतला परवाना मात्र साहेबाच्या सहीशिवाय जन्मालाच येत नाही. दोन्ही शब्द फारसीचे. शस्त्रांची आपली सारी शब्दसंपत्तीच अशी दूरदूरच्या मुलखांतून आली आहे. बंदूक अरबी-फारसीच्या वाटेने आली, तोफ आणि तमंचा तुर्कीतून आले, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांनी दिले. मराठ्यांच्या इतिहासात अभिमानाने घेतला जाणारा ‘शिलेदार’ हा शब्द मूळचा ‘सिलाहदार’, म्हणजे हत्यार बाळगणारा. उर्दूत आपण ज्याला ‘असलहा’ म्हणतो, तो याच ‘सिलाह’चा भाऊ. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. हत्यार कोणाचे, यावरून माणसाची पत ठरत होती.

ही पत आज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कागदावर ठरते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर विकत घ्यायचे तर आधी परवाना हवा. सरकार हा कागद कोणाला देते, कोणाला नाकारते आणि कोण मागायलाच जात नाही, हे पाहिले तर नांदेड-लातूरचा मोठा इतिहास त्या कागदात सापडतो. तो इतिहास आपला आहे, म्हणून थोडा मुळापासून पाहू.

हत्याराला जात नव्हती

लातूर जिल्ह्यातले उदगीर आपण सर्वांनी पाहिलेले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी तिथे सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा पराभव केला. त्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी याच्या हाती होता. हाच इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत होता. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. वर्गात हा धडा शिकवताना त्याचे नाव आले की मुले चमकून वर बघतात. एका बाजूला सगळे मुसलमान आणि दुसऱ्या बाजूला सगळे हिंदू असा इतिहास त्यांनी बाहेर ऐकलेला असतो. तोफा मात्र हुकूम देणाऱ्याचा धर्म विचारून उडत नव्हत्या.

नांदेडची गोष्ट आणखी वेगळी. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंगजी दख्खनेत आले आणि त्याच वर्षी नांदेडला त्यांचा देह पडला. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी तिथे सचखंड हजूर साहिबची इमारत बांधवली. राज्य निजामाचे, पैसा लाहोर दरबारचा आणि जागा गोदावरीकाठची. तिथे गुरूंची शस्त्रे आजही श्रद्धेने जपली जातात आणि होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत तलवारी निघतात. भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव लोकांनाही इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. म्हणजे शस्त्र आणि समाज यांचे नाते सरकारने सगळीकडे एकाच मापाने मोजलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजामाच्या मुलखात अरब, रोहिले आणि शीख सैनिकांच्या टोळ्या हत्यारांसह राहत. सावकार, जहागीरदार आणि तालुकदार त्यांना पदरी ठेवत. वसुलीही त्यांच्याच जोरावर होई. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी १८६५ मध्ये जिलाबंदी केली, पोलीस खाते उभे केले आणि या टोळ्यांचा जोर हळूहळू मोडला. तिथून आपल्याकडे हत्यार ही सरकारदरबारी नोंद करण्याची गोष्ट होऊ लागली. कारभार आधी फारसीत चाले, १८८० च्या दशकात तो उर्दूत आला. तहसीलदार, अव्वल तालुकदार, मोहतमिम कोतवाली हे त्या कारभाराचे खांब. त्या काळचे दफ्तर वाचायला आज माणसे शोधावी लागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती, तेव्हा निजामकालीन कागद वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज पडली. ज्या भाषेला परकी म्हटले जाते, तिच्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे नशीब लिहिलेले निघाले.

१८७८ चा कायदा आणि आपले पुढारी

शेजारच्या इंग्रजी मुलखात १८५७ च्या उठावानंतर लोकांची हत्यारे काढून घेण्याची मोहीम झाली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला मोकळीक. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि बंदूक या दोघांची भीती सरकारला एकदमच वाटली होती. म्हणूनच १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने जे मूलभूत हक्क मांडले, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

स्वातंत्र्य आले तेव्हा मात्र हा हक्क घटनेत बसला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. नुकतीच फाळणीची कत्तल पाहिलेल्या देशात प्रत्येकाच्या हाती बंदूक देणे त्यांना धोक्याचे वाटले. अमेरिकेत १७९१ पासून हा घटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे ती सरकारने दिलेली सवलत आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हाच फरक बोलून दाखवला.

त्याच वर्षी लातुरात

दिल्लीत ही चर्चा चालू होती, तेव्हा लातूर-नांदेडच्या वाड्या-वस्त्यांत काय चालले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. घरात ते कुजबुजीने सांगितले जाते. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले की आजही म्हातारी माणसे आवाज खाली घेतात.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवात आपल्या बाजूच्या पापापासून करावी लागेल. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या लोकांनी गावे लुटली, माणसे मारली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड कोणी विसरू नये. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी हैदराबाद संस्थानात हत्यारे उतरवत होता. दुसरीकडे मुक्तिलढ्याच्या कार्यकर्त्यांनीही बंदुका हाती घेतल्या होत्या; जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक त्यांनी लढ्यासाठी लुटली. या सगळ्यात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. त्यांच्याजवळ फक्त लेखणी होती. आपल्या मुलांना कासिम रझवीचे नाव माहीत असते, शोएबुल्ला खानांचे नसते. हा दोष आपलाही आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गाच्या दिशेने आत शिरल्या. पाच दिवसांत सगळे संपले. त्यानंतर जे झाले ते पाहण्यासाठी सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवले. त्यांच्या अहवालाने संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज केला. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर बिदर जिल्ह्यात होते. लातुरात वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची भरभराटीची पेठ बसली आणि दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले, असे समितीने लिहून ठेवले आहे.

आपल्या विषयाशी थेट जोडलेली एक नोंद त्यात आहे. फौजेने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सर्वांसाठी काढला होता. अंमल मात्र एकतर्फी झाला. मुसलमानांची हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंकडची बहुतेक तशीच राहिली. कागदावर हुकूम समान होता आणि त्याच्या अंमलात माणसे मेली. हा अहवाल सरकारने कधी छापला नाही. ए. जी. नूराणी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो २०१३ मध्ये सविस्तर लोकांसमोर आला. पासष्ट वर्षे लागली.

त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. ती आपण तितक्याच मोठ्याने सांगितली पाहिजे. अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवले. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आपल्या आड घेतले आणि त्यात आपले प्राण गमावले. त्यांना कोणी परवाना दिला नव्हता. एकाच मागावरचे सूत त्यांना पुरेसे होते.

आजचा कागद

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. इंग्रजांच्या कायद्यापेक्षा तो पुष्कळ उदार आहे, पण किती जणांनी तो वाचला आहे? पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर कायद्याची भाषा ‘परवाना द्यावा’ अशी आहे. रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यासाठी ती सोय आहे. पिस्तुलाचे तसे नाही. तिथे अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. वय एकवीस पूर्ण हवे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल येतो. २०१६ च्या नियमांनुसार वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही लागते. परवाना मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत परवानाधारक दुकानातून शस्त्र घ्यायचे आणि त्याची नोंद करायची. लष्करी जातीचे ९ मि.मी. पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याचे.३२ चे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे परिचयाचे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

या कायद्याचे चौदावे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तेव्हाच ती रोखता येतात. अठराव्या कलमाने विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. जहागीरदाराच्या काळात पत पाहून हत्यार मिळे. प्रजासत्ताकाने निदान कागदावर ती अट पुसली.

कागदाबाहेरचे चित्र निराळे आहे. २०२४ च्या अखेरीस शेजारच्या बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्र परवाने असल्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली आणि प्रशासनाला शंभराहून जास्त परवाने रद्द करावे लागले. सबळ कारण इतक्या जणांकडे होते की सबळ ओळख, हा प्रश्न लोकांनी विचारला तो रास्तच होता. उलट आपल्या मोहल्ल्यातला व्यापारी खंडणीची धमकी आली तरी अर्ज करत नाही. ‘कशाला नाव नोंदवायचे? उद्या काही झाले तर पहिले आपल्याच दारात येतील,’ असे तो म्हणतो. ही भीती १९४८ ची आहे. तिचे वय पंचाहत्तरच्या वर गेले तरी ती म्हातारी झालेली नाही.

मी बंदुकीची वकिली करत नाही. घरात बंदूक आली की ती चोरावर चालण्याआधी घरातल्याच कोणाच्या रागावर किंवा लेकराच्या खेळावर चालण्याचा धोका जास्त, हे शिक्षक म्हणून मी मुलांना सांगतोच. रझाकारांच्या बंदुकांनी लातूरच्या एकाही मुसलमानाला वाचवले नाही. उलट त्यांची किंमत निरपराधांनी चुकवली. पण परवाना न मागणे आणि मागायला घाबरणे यांत फरक आहे. पहिली निवड आहे, दुसरे ओझे. ज्याला खरी गरज आहे त्याने अर्ज करावा, पोहोच घ्यावी, नकार आला तर कारण लेखी मागावे, मुदतीत अपील करावे. ज्याला गरज नाही त्याने निदान हा कायदा वाचून ठेवावा. रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा यांच्यासाठी आपण जसे खिडकीसमोर ताठ उभे राहायला शिकलो, तसेच याही खिडकीसमोर उभे राहता आले पाहिजे. हुकूम सर्वांना सारखा लागू होतो की नाही, हे १९४८ मध्ये विचारायची सोय नव्हती. आज ती कायद्याने दिली आहे, आणि विचारण्याचे काम आपले आहे.