७ जानेवारी १९८९ : सम्राट हिरोहितो यांचे निधन

जपानचे सम्राट हिरोहितो यांचे ७ जानेवारी १९८९ रोजी टोकियो येथे वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले आणि २५ डिसेंबर १९२६ पासून चालत आलेले शोवा युग, म्हणजेच त्यांच्या राजवटीच्या नावाने होणारी कालगणना, संपुष्टात आले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी नभोवाणीवरून शरणागतीचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा सामान्य प्रजेने त्यांचा आवाज प्रथमच ऐकला. चीनपासून पॅसिफिकपर्यंतचा संहार त्यांच्याच नावाने झालेला असूनही टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढे त्यांना कधीच उभे केले गेले नाही, ही त्या न्यायदानातील गंभीर उणीवच म्हणावी लागेल. १९४७ च्या राज्यघटनेने सम्राटपद सत्ताहीन, केवळ राष्ट्राचे प्रतीक ठरवल्यानंतरही हायड्रोझोआ या जेलीफिशशी नाते असलेल्या सागरी प्राण्यांवरील संशोधन त्यांनी निष्ठेने चालू ठेवले.