टिकिट, प्लेटो आणि गळालेले विद्यार्थी

संगणकावरून महाविद्यालयीन शिक्षण देता येईल का, हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्माला आला अशी पुष्कळांची समजूत असते. खरे पाहता तो त्याहून बराच जुना आहे, आणि त्याचे प्रयोगातून मिळालेले पहिले मोठे उत्तर १९७० च्या दशकातच हाती आले होते. ते फारसे कोणी लक्षात ठेवले नाही, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर या विद्युत अभियंत्याने १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही प्रणाली सुरू केली. आरंभी तिच्यावर एका वेळी एकच विद्यार्थी बसू शके आणि पडदा म्हणून साधा दूरचित्रवाणी संच वापरलेला होता. अशा पडद्यावर चित्र टिकवायचे तर ते सतत पुन्हा पुन्हा पाठवावे लागते आणि त्यासाठी लागणारी स्मृती तेव्हा फार महाग होती. या अडचणीतूनच बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा शोधून काढला. यात प्रत्येक ठिपका म्हणजे वायूने भरलेली एक चिमुकली कोठडी असते आणि आपण पेटलेले आहोत की विझलेले, हे ती कोठडी स्वतःच ‘लक्षात ठेवते’. पुढे घरोघरी गेलेल्या सपाट प्लाझ्मा टीव्हीचे मूळ असे शिक्षणाच्या गरजेत आहे. १९७२ च्या चौथ्या आवृत्तीत ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा नारिंगी पडदा होता आणि त्याला बोटाचा स्पर्शही कळत असे. स्टॅन्ली स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने लिहिलेल्या पाठात विद्यार्थी ऊर्ध्वपातनाचा प्रयोग पडद्यावरच करून पाहत.

याच सुमारास ‘टिकिट’ नावाची दुसरी प्रणाली उभी राहत होती. (एसटीच्या तिकिटाशी तिचा संबंध नाही, एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.) मायटर ही संस्था आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांनी लघुसंगणक व रंगीत टीव्ही जोडून ती बनवली. कळफलकावर ‘नियम’, ‘उदाहरण’, ‘सराव’, ‘सोपे’, ‘अवघड’ अशा अर्थांच्या कळा होत्या. कोणती कळ केव्हा दाबायची हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

दोन्हींमध्ये महत्त्वाचा फरक होता तो शिक्षकाच्या स्थानाचा. प्लेटोचे पाठ शिक्षक आपल्या सोयीने, आपल्या शिकवण्याला पूरक म्हणून वापरत. टिकिटमध्ये मात्र अभ्यासक्रमाचा मुख्य भार यंत्रानेच वाहावा अशी कल्पना होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने दोन्हींना पैसा दिला आणि एक शहाणपणाची गोष्ट केली: मूल्यमापन निर्मात्यांकडे न ठेवता ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या त्रयस्थ संस्थेकडे सोपवले. ज्याने यंत्र बनवले त्यानेच त्याला गुण द्यायचे, हा प्रकार शिक्षणक्षेत्रात आजही इतका चालतो की या निर्णयाचे मला कौतुक वाटते.

अहवाल १९७७-७८ च्या सुमारास आले. प्लेटो शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आवडले होते. पण परीक्षेतील यशावर किंवा गळतीवर त्याचा एकंदरीत ठळक परिणाम, चांगला वा वाईट, दिसला नाही. टिकिटचे निकाल अधिक चमत्कारिक होते. ज्यांनी यंत्रावर अभ्यासक्रम पूर्ण केला ते नेहमीच्या वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. मात्र पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, विशेषतः गणितात, नेहमीच्या वर्गापेक्षा पुष्कळच कमी होते. इंग्रजीच्या वर्गात शिक्षकाचा सहभाग अधिक होता, तेथे गळती इतकी तीव्र नव्हती.

येथे क्षणभर थांबून एक काल्पनिक हिशेब करू. वर्गात ४० विद्यार्थी आहेत. त्यांतील १० जणांना ८० च्या आसपास गुण मिळतात आणि उरलेल्या ३० जणांना ४० च्या आसपास. वर्गाची सरासरी ५० येते. आता ते ३० जण मध्येच अभ्यासक्रम सोडून गेले, तर कोणालाही एक अक्षर अधिक न शिकवता सरासरी ८० होईल! टिकिटच्या परीक्षकांनी विद्यार्थ्यांची पूर्वतयारी जमेस धरली होती, त्यामुळे तेथील सगळा लाभ असा फसवा होता असे म्हणता येणार नाही. परंतु गळालेल्यांना न मोजता सरासरी सांगणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या संशोधकाने जुने प्रयोग तपासून आणखी एक दोष दाखवला. संगणकाचे पाठ आणि वर्गातील तास एकाच शिक्षकाने तयार केलेले असले, की संगणकाची आघाडी बरीचशी आटते. म्हणजे मोजला जात होता तो यंत्राचा नव्हे, तर पाठ रचण्यासाठी घेतलेल्या जास्तीच्या कष्टांचा परिणाम. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण बदलत नाही, तशीच माध्यमाची गोष्ट, असे त्याचे म्हणणे. रॉबर्ट कोझ्मा यांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच दाखवता येतात, हा त्यांचा मुद्दा. प्लाझ्मा पडद्यावरचे ऊर्ध्वपातन आठवले की मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही. हा वाद पुरता मिटलेला नाही.

इंटरनेट आल्यावर हीच कहाणी मोठ्या प्रमाणावर घडली. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००. हा आकडाही लहान नाही, हे मान्य. पण २०१३ मध्ये थ्रुन यांच्या ‘युडॅसिटी’ कंपनीने सॅन होजे राज्य विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक अभ्यासक्रम चालवले, त्यांत गणितात आधी नापास झालेले विद्यार्थी आणि शाळकरी मुलेही होती. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा खाली गेले आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. नंतरच्या पाहणीत असे आढळले, की यशाशी सर्वांत घट्ट संबंध होता तो विद्यार्थ्याने स्वतः सोडवून दिलेल्या उदाहरणांचा. आणि अडल्यास मदत मागण्याची सोय आहे, हेच अनेकांना नीट ठाऊक नव्हते.