आधी उच्चार, मग अक्षर

चिनीच्या दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला जॉन डीफ्रान्सिस यांचं १९६४चं पाठ्यपुस्तक मिळालं. संवाद रोमन लिपीत, डोक्यावर सुरांच्या खुणा. चिनी अक्षरं वेगळ्या खंडात. चीनने पिनयिन ही रोमन लिपीत लिहायची पद्धत स्वीकारली १९५८मध्ये. अमेरिकेत तेव्हा येल विद्यापीठाची युद्धकाळातली रोमन पद्धत रुळलेली, तरी डीफ्रान्सिस यांनी पिनयिनच घेतली. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. उच्चार आधी शिकण्याचा फायदा कोश उघडला की कळतो. उच्चार माहीत नसेल, तर जुन्या कोशात ‘सरोवर’चं अक्षर शोधायला आधी डावीकडचे पाण्याचे तीन फटकारे ओळखायचे, २१४ मूलघटकांतला तो ८५वा, मग उरलेल्या ९ रेघा मोजून यादीवरून बोट फिरवायचं. उच्चार पक्का असला की उच्चारानुसार लावलेल्या कोशात तेच अक्षर चटकन सापडतं. पुढे वर्गात मी आधी मोठ्याने वाचायचे, लिहायचे नंतर.